काचेचे पाय आणि बर्निसचं तोंड

मी एक स्टूल आहे. साधं लाकडी, बसायचं. हसा, हसून घ्या. माझ्याकडं बघून लोक आधी हसतात, मग बसतात, आणि ते बसले की मी हसतो. कारण माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा अंमळ आखूड आहे. माणूस ऐसपैस टेकला की मी हळूच म्हणतो, टुक! मग त्याच्या तोंडातून जे बाहेर पडतं ना, तो त्या माणसाचा खरा स्वभाव. आजवर भल्याभल्यांचे स्वभाव मी बाहेर काढलेत.

पण माझी खरी गंमत पायांखाली आहे. माझे चारही पाय काचेचे आहेत. सगळे नाही हो, टोकाला. हिरव्या काचेचे जाड गट्टू, तारेच्या खांबावर असतात तसले. एमेट नावाच्या सुतारानं मला जोडलं. वादळात पडलेल्या खांबांवरचे चार गट्टू उचलले आणि माझ्या पायांत ठोकून बसवले. मी तर हबकलोच! लाकडाच्या गड्याला काचेचे बूट? म्हटलं, आता हा मला नाचायला लावणार. त्यानं माझ्या बुडाला काहीतरी कोरलं पण होतं. काय ते मला ठाऊक नाही. एक तर मला अक्षर येत नाही, आणि आलं असतं तरी बुडाची आणि डोळ्याची गाठ कुठं पडते?

मग खेचरावर उलटा बांधून मला डोंगरावर चढवलं. अमेरिकेत मॉन्टानातल्या आमच्या पार्कात, म्हंजे राखीव जंगलात, एक सुळका आहे, त्याला सगळे अंगठाच म्हणतात. अंगठ्याच्या नखावर एक खोली. चारी बाजूंनी काचा. उन्हाळाभर तिथं एक रेंजर राहतो आणि जंगलात कुठं धूर दिसला की वायरलेसवरून खाली कळवतो. वणवा लागला की पहिली बोंब आमची.

आता सांगा, सगळ्या मुलखात उंच जागा आमची, तर वीज कुणाकडं येणार? ती काय खाली चहाला जाणार आहे? वादळ आलं की रेंजरनं खिडक्या लावायच्या, शेगडी विझवायची, वायरलेसची तार काढायची, आणि माझ्यावर चढून उभं राहायचं. हात अंगाशी, कशाला शिवायचं नाही. पायाखाली माझी काच. वीज भिंतीतून, तारेतून, जमिनीतून जाईल, माणसातून नाही. हे मला पहिल्या वादळात कळलं. कानाशी आभाळ फुटलं, शेगडीवरून निळा जाळ पळत गेला, आणि माझ्यावर उभा असलेला गडी मला म्हणाला, "थँक्यू." मला! स्टुलाला! मी इतका चक्रावलो की टुक करायचं विसरलो.

तेव्हा तसा माझा पाय सरळच होता म्हणा. तो आखूड झाला त्याच रेंजरच्या कृपेनं. गड्यानं मला बाहेर ठेवलं आणि विसरला. साळिंदर आलं. साळिंदराला माणसाच्या घामाचं मीठ लागतं, आणि गडी माझ्या पायावर पाय ठेवून बसायचा. साळिंदरानं माझा पाय उसासारखा सोलला. मी बघतच राहिलो. ओरडणार कुणाला? पुढं एमेटनं कुरतडलेलं तासलं, काच पुन्हा बसवली आणि म्हणाला, "चालतंय." चालतंय काय! तिथून माझी टुकटुक सुरू झाली.

माझ्यावर पुष्कळ उन्हाळे गेले, पुष्कळ रेंजर बसले. एकजण माझ्यावर पत्ते खेळायचा, एकटाच, आणि तरी लबाडी करायचा. एकजण घरच्या आठवणीनं मुसमुसायचा. पण खरं माझं माणूस म्हंजे बर्निस. बर्निस हॉगेन.

बर्निसनं जन्मभर शाळेची बस चालवली. मागं पन्नास पोरं कालवा करतायत, कुणी खिडकीतून लोंबतंय, कुणी कुणाचे केस ओढतंय, आणि बाई बर्फातून गाडी हाकतेय. अशा बाईचं तोंड कसं असणार? पहिल्या दिवशी ती माझ्यावर बसली. मी म्हटलं, टुक. ती म्हणाली, "अरे मेल्या! लंगड्या! सरपणाच्या पेंढीतून पळून आलास काय रे?"

मी प्रेमातच पडलो. इतकं आपलेपणानं मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

तिचा नवरा गेला, बस गेली, आणि राहिला हा डोंगर. हिवाळाभर ती गावातल्या एका खोलीत दिवस ढकलते आणि जून कधी येतो ते बघते, असं क्लीट सांगतो. क्लीट म्हंजे खेचरांवरून तिचं पाणी, पीठ, कॉफी वर आणणारा म्हातारा. उन्हाळ्याचे रेंजर म्हंजे दर वर्षी नव्यानं बोलावलेले. साहेबानं बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर संपलं.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. बर्निस वर आली ती मुकीच. क्लीट सामान उतरवत होता, त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"काय गं बर्निस, बरं नाही का? मघापासून मला एक शिवी दिली नाहीस."

"साहेबानं तोंडाला कुलूप घातलंय."

"आणि किल्ली कुठाय?"

"सप्टेंबरमध्ये. तोवर एक जरी तक्रार गेली ना क्लीट, तर पुढच्या उन्हाळ्याला या खोलीत दुसरं कुणी बसेल. लिंडक्विस्ट साहेब स्वतः म्हणाले. 'बर्निस, लोक इथं सुट्टीला येतात, तुझ्या बसमध्ये नाही.'"

"मागच्या साली ज्यानं तक्रार केली त्या माणसाला तू म्हणालीस तरी काय?"

"अस्वलाच्या पिल्लाला सँडविच भरवत होता. मी म्हटलं, आधी स्वतःचा हात घाल तोंडात, म्हंजे त्याच्या आईला पुढचं सोपं जाईल."

"एवढंच?"

"आणि टोणगा म्हटलं. त्याच्या बायकोला पटलं. त्याला नाही पटलं."

क्लीट हसला आणि माझ्यावर बसला. टुक. "आयला!" म्हणून उठला आणि माझ्याकडं टकमक बघायला लागला.

"बर्निस, सगळ्याचं मूळ हे आहे. दिवसातनं दहादा ह्याच्यावर बसतेस, दहादा शिवी देतेस. मग जिभेला वळण लागतं. थांब."

त्यानं खिशातून चाकू काढला, देवदाराची एक ढलपी तासून बारीक पाचर केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. बसून बघितलं. मी म्हटलं, टु... आणि पुढचं काही निघेना. गप्पच झालो हो! त्या दिवशी डोंगरावर दोन तोंडं बंद झाली, तिचं आणि माझं.

काय सांगू, तो उन्हाळा म्हंजे मला रोज एक धक्का. लोक यायचे, आणि बर्निस गोड बोलायची! एक माणूस आला, त्यानं विचारलं, "तुम्ही ही जनावरं सकाळी किती वाजता सोडता?" मी कान टवकारले, म्हटलं, आता ऐका. बाई म्हणाली, "ती आपापलीच उठतात, साहेब." एका बाईनं मार्मोटला, म्हंजे आमच्या दगडांत राहणाऱ्या त्या गुबगुबीत शिट्टीबाजाला, कॉफी पाजायला घेतली. बर्निसचा चेहरा बिटासारखा लाल झाला, गळ्याची शीर टणटण उडायला लागली, आणि बाहेर काय पडलं? "कृपया, त्याला झोप येणार नाही." कृपया! बर्निसच्या तोंडून! माझ्या काचेला तडाच जायचा.

लोक गेले की ती माझ्यावर येऊन बसायची, हकलबेरीच्या रानफळांचा मुरंबा बोटानं खायची आणि त्या काचांतून लांबवर बघत राहायची. म्हणायची, "लंगड्या, एवढा उन्हाळा काढू. इथनं गेले तर मी कुठं जाऊ?" मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, पाचर काढ, दोघंही मोकळे होऊ.

आणि मग ती ऑगस्टातली दुपार आली.

सकाळपासून ऊन चटचटत होतं. जेवणानंतर पश्चिमेला ढगांची कणसं फुटायला लागली. वर पांढरी, बुडाशी काळी. वर चढून आलेल्या सगळ्यांना बर्निसनं गोड बोलून खाली झाडीत पाठवलं. खिडक्या लावल्या, शेगडी विझवली, तार काढली, आणि माझ्यावर चढली. हात अंगाशी. लांब कुठंतरी गुरगुर चालली होती.

तेवढ्यात बाहेर खिदळणं ऐकू आलं.

खोलीच्या पुढं एक खडक आहे, थेट कड्यावर. त्यावर दोघं उभी. नवीन लग्न झालेली, अंगात एकसारखे सदरे. टॅनर आणि ब्रिएल, नावं मागाहून कळली. मागच्या बाजूनं चढून आली असणार. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावलेला. आणि त्या पोरीचे केस! देवा रे. सगळे उभे. एकेक केस आभाळाकडं ताठ, वाळलेल्या गवतासारखे. त्या पोराचेही उभे. आणि दोघं काय करत होती? हसत होती! एकमेकांच्या डोक्याकडं बोटं दाखवून पोट धरधरून हसत होती!

अहो, केस उभे राहणं म्हंजे विजेनं दाराची कडी वाजवणं. आता ती आत येणार. खडक मधमाश्यांसारखा गुणगुणत होता. माझ्या काचेच्या पायांना मुंग्या आल्या. मी जागच्या जागी थिजलो.

दार किलकिलं होतं. बर्निसनं माझ्यावरूनच हाक मारली, "अहो, ऐकता का? कृपया आत येता का जरा?"

"एक मिनिट, काकू!" टॅनर ओरडला. "हे बघा ना हिचे केस! सिंहीण दिसतेय सिंहीण!"

"आणि तू कोंबडा!" ब्रिएल म्हणाली आणि पुन्हा दोघं फुटली.

"बाळांनो, केस उभे राहणं चांगलं नसतं. कृपा करून—"

"शेवटचा एक फोटो! असं पुन्हा कधी होणार?"

पुन्हा होणार नाहीच की रे, बाबा! मी आतल्या आत किंचाळत होतो. बाई, ओरड! अगं, ओरड ना! पण तिला साहेबाचं कुलूप आठवलं. एक तक्रार, आणि हा डोंगर संपला. तिनं ओठ इतके आवळले की रक्त येईल. पुन्हा बोलायला म्हणून ती दाराकडं वाकली.

ती वाकली, भार पुढं आला, मी जीव खाऊन अंग झटकलं, आणि ती पाचर चणा उडावा तशी उडाली.

टुक!

बर्निस धाडकन भुईवर. आणि उन्हाळाभर तुंबलेलं धरण फुटलं.

"अरे मुडद्या! लंगड्या! चुलीत घालते तुला, चारही पाय एकदम! आणि तुम्ही!" ती दार लाथेनं उघडून उभी राहिली. "दात काय काढताय, टोणग्यांनो? मरायला चढलात का? खेळ बंद! तोंडं बंद! वस्तू तिथंच टाका! रांगेत! आत! आत्ता!"

आणि मग मी जे बघितलं त्यानं मी आणखीच थक्क झालो. त्या दोघांनी एक अक्षर विचारलं नाही. हसू पुसलं गेलं, कॅमेरा तिथंच सोडला, आणि दोघं एकामागं एक, रांगेत, खाली मान घालून धावत आत आली. शाळेच्या बसमध्ये वाढलेली पोरं ती! तो आवाज त्यांच्या हाडात मुरलेला. डोक्यानं ऐकलंच नाही, थेट पायांनी ऐकलं.

दार लागलं आणि खडकावर वीज पडली.

आवाज नव्हताच तो. आधी सगळं पांढरं झालं, मग सगळं काळं, आणि मग खिडक्या दात वाजवल्यासारख्या वाजल्या. ती दोघं उभी होती तिथून धूर निघत होता. कॅमेऱ्याचं तिकाटणं मेणबत्तीसारखं वाकलं होतं.

ब्रिएलनं भोकाड पसरलं. टॅनर म्हणाला, "आम्ही... आम्ही तिथं..."

"रडायचं मागनं," बर्निस म्हणाली. "अजून यायचीय ती. चढा या स्टुलावर. दोघं."

"दोघं कसं मावणार, काकू?"

"लग्न झालंय ना? मिठी मारता येते ना? मग मावाल."

"आणि तुम्ही?"

"मला जागा आहे."

जागा कसली? कप्पाळ! खोलीत काचेचे पाय फक्त माझे. तिनं घोंगडीच्या घड्यांवर घड्या रचल्या, पाय जुळवून त्यावर उकिडवी बसली, कान झाकले आणि डोळे मिटले. माझी बाई भुईवर आणि ते दोन टोणगे माझ्या डोक्यावर! मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पाचर नव्हती. मी तीन पायांवर दोन माणसं तोलली. वीज आली. थेट खोलीवर. निळा जाळ छताच्या तारेवरून उतरला, शेगडीला प्रदक्षिणा घालून भुईत गेला. माझ्यावरचे दोघे किंकाळ्या फोडत होते, हिंदकळत होते. पण मी हललो नाही. आयुष्यात एकदाच, शपथ घेऊन सांगतो, मी टुक केलं नाही.

सगळं निवलं तेव्हा बर्निस अजून तशीच बसलेली. हलेना. मला वाटलं, गेली.

"काकू?" टॅनरनं हळूच हात लावला.

तिनं एक डोळा उघडला. "ओरडू नको. डाव्या कानात भोंगा वाजतोय." मग शेगडी पेटवली आणि त्यांना मुरंब्याशी भाकरीसारखे जाड पॅनकेक करून घातले. जाताना पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही तसंच वाटलं. पण माणसाची जात! डोंगर उतरताना भीती उतरली आणि भीतीच्या जागी राग चढला. खाली जाऊन दोघांनी तक्रार केली. काय, तर तुमची रेंजर आम्हाला टोणगे म्हणाली, वर आमचा महागाचा कॅमेरा जळाला. जीव वाचल्याचं सांगायचं तेवढं राहिलं. क्लीटनं ही बातमी आणली तेव्हा माझा चारही पायांवरचा विश्वास उडाला. बर्निस मात्र चड्डी-बनियनपासून सगळं घडी घालून पेटीत भरायला लागली, सप्टेंबर यायच्या आधीच.

आणि लिंडक्विस्ट साहेब स्वतः चढून आले. उंच माणूस, हॅट सरळ, बूट चकचकीत. बाहेर कुठल्याशा चर्चच्या म्हाताऱ्या बाया सँडविच खात बसल्या होत्या, त्यांना हॅट उचलून नमस्कार केला. आत आले, म्हणाले, "बर्निस, मी तुला काय सांगितलं होतं?" आणि घाम पुसत टेकले. माझ्यावर.

पाचर खिडकीत पडलेली. मी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

टुक!

लिंडक्विस्ट साहेब हॅटसकट उताणे. आणि त्यांच्या तोंडातून जी शिवी निघाली! बर्निसच्या सगळ्या उन्हाळ्यांच्या शिव्या एका पारड्यात घाला आणि ही एकटी दुसऱ्यात. बाहेरच्या एका म्हातारीच्या हातून सँडविच पडलं. मार्मोट बिळात पळालं. मी तर स्वतःच हादरलो, मला वाटलं पुन्हा वीज पडली!

बर्निसनं त्यांची हॅट उचलून झटकली. मग म्हणाली, "साहेब, लोक इथं सुट्टीला येतात."

साहेब उठले. लालेलाल. बाहेर गेले आणि त्या खडकापाशी उभे राहिले. खडक मधोमध फुटलेला, कडा काळ्या. वितळलेल्या कॅमेऱ्याचा गोळा अजून तिथंच. साहेबांनी तो बुटानं हलवून बघितला. मग दोन माणसं जिथं उभी होती तिथं बघत राहिले. आत आले तेव्हा आवाज बसला होता.

"किती लांब होती ती दोघं दारापासून?"

"हाकेच्या अंतरावर."

"कसली हाक?"

"गोड हाक मारली तर नाही ऐकू येत, साहेब."

त्यांनी मला उलटं करून माझा पाय बघितला. "हा असा कशानं?"

"साळिंदरानं खाल्लाय."

"आणि ही पाचर?"

"माझं तोंड बंद ठेवायला होती. त्या दिवशी निसटली."

साहेबांनी खिडकीतली पाचर उचलली, बोटांत फिरवली आणि स्वतःच्या खिशात टाकली. पुढच्या उन्हाळ्याचं एक अक्षर बोलले नाहीत. "बघतो," म्हणाले, आणि बायांना चुकवून मागच्या वाटेनं उतरले.

मग ऋतू संपला. बर्निसनं खिडक्यांवर झडपा ठोकल्या. शेवटची झडप लावायच्या आधी माझ्यावर बसली, टुक झालं, पण शिवी दिली नाही. नुसती माझ्या पाठीवर थाप मारली. ते मला अजून सहन होत नाही.

तेव्हापासून मी अंधारात आहे. बाहेर हिवाळाभर बर्फ खिडक्यांच्या वर होता. वारा छत उचकटायला बघतो. एक उंदीर माझ्याखाली बिऱ्हाड करून राहिलाय, भाडं देत नाही. मी वाट बघतोय. कुणी नवा गोड बोलणारा आला तर? पाय सारखा करून घेईल माझा, लाकूड लावून. आणि मग एखाद्या दुपारी कुणाचे केस उभे राहिले तर?

तुम्हाला एवढंच सांगतो. उंचावर गेलात, आभाळ काळं झालं आणि केस उभे राहिले, तर हसू नका, फोटो काढू नका, पळा. आणि कुणी अंगावर ओरडलं तर आधी पळा, रागावायचं मागनं बघू.

थांबा जरा. उंदीरही थांबलाय. छतावरून पाणी ठिबकतंय, म्हंजे बर्फ सुटला. खालच्या वाटेवर खेचरांच्या घंटा वाजतायत. क्लीटच असणार. कुणाला घेऊन आला? कुणीतरी धापा टाकत चढतंय. खेचर अडलंय वाटतं...

"अरे चल की मेल्या! तुझ्या बापानं रस्ता बांधलाय का मध्ये उभं राहायला? अरे, वर माझा लंगडा वाट बघतोय!"